पानाचं पाणी

त्रिकाळनाथ महाराजांनी डोळे मिटले आणि सगळा मांडव चिडीचूप झाला. सोनईच्या अलीकडची ती एवढीशी मळेवस्ती, पण गर्दी घोडेगावच्या बाजाराला लाजवील अशी! टेम्पो भरभरून माणसं आली होती. महाराजांची ख्यातीच तशी. भक्तानं मांडवाच्या तोंडाशी शिष्याला नाव-गाव तेवढं सांगायचं. घरातलं दुःख महाराज स्वतः सांगणार. कुणाची म्हैस चोरीला गेली, कुणाची कडब्याची गंजी जळाली, सगळं म्हणे त्यांना बसल्या जागी दिसे.

"गोजरबाई!" महाराज खर्जात बोलले. "माते, तुझा कर्ता पुत्र गेला. कानिफनाथ त्याचं नाव. सत्य की असत्य?"

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. "खरं हाय, म्हाराज."

"मला पाणी दिसतं आहे... दूषित पाणी! ते लागून तुझा पुत्र गेला."

मांडवात कुजबूज झाली. पाणी? कानिफ पाण्यानं कुठं गेला होता? तेवढ्यात एकजण ओरडला, "आरं, रातच्याला पिकाला पान्याचं दारं धरायला गेल्ता की त्यो!" झालं! बायांनी हात जोडले, कुणी महाराज की जय केलं. आपल्या लोकांची ही एक तऱ्हाच आहे. बाबाचा नेम चुकला, की आपणच धावत जाऊन निशाण उचलतो आणि त्याच्या बाणापुढं नेऊन धरतो.

शेवटच्या रांगेत श्रीमंत बसला होता. नाव श्रीमंत, बाकी सगळं नावाच्या उलट. शेवगावला 'कुळव' नावाचं साप्ताहिक तो चालवायचा. नगरची दैनिकं पुढाऱ्यांच्या फिती कापण्यात दंग असताना 'कुळव' शिवारातल्या बातम्या छापी आणि बुवाबाजीची सालटी काढी. आजही तो महाराजांचं पितळ उघडं पाडायला आला होता. मथळासुद्धा मनात जुळवून ठेवला होता.

पण 'दूषित' हा शब्द कानावर पडला आणि तो चपापला. हा शब्द काही मळ्यातला नव्हे. हा शब्द त्याचा. दूषित हवा, दूषित राजकारण, दूषित मनोवृत्ती. या शब्दावाचून त्याचा एक अग्रलेख पुरा होत नसे.

शेजारी म्हातारे कारभारीबाबा बसले होते. त्यांना त्यानं हळूच विचारलं, "बाबा, कानिफ गेला कशानं?"

"कशानं म्हंजे? पान लागलं की त्येला!"

खेड्यात रात्रीचं जनावराचं नाव घेत नाहीत. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. 'कुळव'च्या वार्ताहरानं तसंच लिहून पाठवलं होतं, 'पान लागून तरुणाचा मृत्यू'. आणि शेवगावच्या खुर्चीत बसलेले संपादक कपाळाला आठ्या घालून म्हणाले होते, काय हे शुद्धलेखन! त्यांनी पानाचं पाणी केलं, शोभेला त्याच्याआधी 'दूषित' जोडलं, आणि वर त्या आठवड्याचा अग्रलेखही पाण्यावरच ठोकला. त्याची स्वतःची आई जन्मभर पानच म्हणत आली होती. पण मोठा संपादक ना तो!

त्यानं मान वर करून महाराजांच्या शिष्याकडं नीट पाहिलं. भगवी कफनी आज होती. दिवाळीनंतर 'कुळव'च्या कचेरीत आला तेव्हा शर्ट-पँट होती. वर्षभराचे जुने अंक मागायला आला होता. श्रीमंत हरखून गेला होता. चहा पाजून वर ऐकवलं होतं, "खेड्याची नाडी ओळखायची तर 'कुळव'च वाचा!" ओळखली की त्यानं, चांगलीच ओळखली!

"पाणी दूषित कुणी केलं?" महाराज गरजले. "तुझ्या विहिरीवर मला एक परकी स्त्री दिसते!"

आता परकी बाई येत नाही अशी विहीर पंचक्रोशीत तरी आहे का? पण लोकांना तेवढं पुरलं. "भिमाबाई! बौद्धवस्तीतली भिमाबाई येती की पान्याला!"

भिमाबाई मांडवाच्या कडेलाच उभी होती. गोजरबाईच्या बरोबरीनं तिनं उभी हयात खुरपण केलेलं. "गोजरे, मी? अगं, तू तरी सांग की ह्यास्नी!"

गोजरबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"तिने ओलेत्याने मांडवाला फेरे घालून पाप कबूल करावं," महाराजांनी निकाल दिला. "आणि आजपासून तिला विहिरीची पायरी बंद!"

दोघांनी तिचे दंड धरले. श्रीमंतला कळत होतं, आपण उठायला पाहिजे. पण उठलं तर बाबाच्या आधी आपलंच पितळ उघडं पडतंय! तो बसून राहिला, आणि कुणीतरी भिमाबाईच्या डोक्यावर भरली बादली पालथी केली.

तेव्हा कुठं तो उठला.

"थांबा! सोडा त्यांना!" त्याचा आवाज चिरकला. "महाराज, एक शंका आहे. कानिफला पान लागलं होतं, असं ही मंडळी सांगतात. ते कसं काय?"

महाराजांची पापणीही लवली नाही. "पान! तेच मी सांगणार होतो. विड्याचं पान! विड्यातूनच या स्त्रीनं त्याच्यावर प्रयोग केला."

मग कारभारीबाबा काठी टेकत उठले. "इड्याचं पान? आरं, ह्याला तिन्ही काळ दिसत्यात आन् साप तेवढा दिसंना व्हय?"

हशा उसळला. पहिल्यांदा पोरं हसली, मग बायाही. शिष्य जीपकडं सरकायला लागला तसा श्रीमंत ओरडला, "काय हो, कचेरीतला चहा गोड होता ना?" आणि मग त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "पाणी ह्याला दिसलं नाही. ते मी छापलं. ही माणसं दारात तुमचं नाव-गाव विचारतात आणि आमच्या अंकात बातमी हुडकतात. मी चूक छापली म्हणून हा चुकला. मी बरोबर छापलं असतं, तर हा बरोबर बोलला असता आणि तुम्ही जन्मभर ह्याच्या पाया पडला असता!"

महाराजांना एकाएकी समाधीची वेळ आठवली. जीप धुरळा उडवत निघून गेली.

श्रीमंतला वाटलं होतं, आता हायसं वाटेल. कसचं काय! गोजरबाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"संपादक, दवाखान्यात नेला हुता मी त्येला. सापाची लस न्हाई म्हनले. तुमच्या मानसाला मी समदं सांगितलं हुतं. ते का न्हाई छापलं?"

वार्ताहराकडून आलं होतं ते. त्याच बातमीची शेवटची ओळ होती. पाणी लागून मेलेल्याला सापाची लस कशाला, म्हणून त्यानंच ती खोडली होती.

भिमाबाई पदर पिळत होती. तो तिच्यापुढं हात जोडून म्हणाला, "पहिल्या पानावर माफी छापतो, बाई."

"छापा न्हाईतर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "येवढी मानसं हुती हितं. एकानं तरी मला इचारायचं! तुमी बी बसूनच हुता की."

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर चौकट आली. 'कानिफनाथ सर्पदंशाने गेला. दवाखान्यात लस नव्हती. दूषित पाणी ही संपादकाची चूक. तिच्यापायी भिमाबाईंचा भर मांडवात छळ झाला, तेव्हा संपादक तिथेच बसून होता. वाचकहो, साप चावला तर कुठल्याही बाबाकडे जाऊ नका, तडक दवाखाना गाठा. लस नसेल तर जाब विचारा. जो तुमच्या मनातलं सांगतो त्याला विचारा, तुला हे कुठून कळलं? शेजाऱ्यावर आळ घेण्याआधी त्याला विचारा. आणि छापलंय म्हणून आमच्यावरही विश्वास टाकू नका, आम्हालाही विचारा.'

गोजरबाईनं तो अंक घेऊन भिमाबाईचं घर गाठलं, उंबऱ्याशी बसून रडली, विहिरीवर ये म्हणाली. भिमाबाईनं तिला चहा दिला. पण पाण्याला ती अजूनही लांबच्या हापशावरच जाते.