मधमाश्यांचं वाक्य

अण्णांनी दाराला कडी घातली, पेनाचं टोपण काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून खोटं वाक्य लिहिलं. वेढा पडला तेव्हा किल्लेदाराच्या बहिणीने बुरुजावरून मधमाश्यांची पोळी खाली सोडली आणि निम्मी फौज वाट फुटेल तिकडे पळाली. वाचून त्यांचं त्यांनाच हसू आलं. असला ऐवज पाहून कुठल्याही लेखकाच्या तोंडाला पाणी सुटलं असतं.

पाणी सुटायला हवं होतं ते जावयाच्या. अण्णांच्या पुस्तकांची प्रुफं तोच तपासायचा, आणि दर रविवारी वर्तमानपत्रात इतिहासावर सदरही लिहायचा. मागच्या पुस्तकातली दोन चांगली वाक्यं हस्तलिखितात होती, पुस्तक छापून आलं तेव्हा गायब. आता चोर कोण हे काय वेगळं सांगायला हवं? चाळीस वर्षं पुराव्याशिवाय एक ओळ न लिहिणाऱ्या माणसाने घरच्या माणसावर मात्र पुराव्याआधीच शिक्का मारला होता. म्हणून तर हा सापळा.

पुढचे रविवार ते भिंग घेऊन सदरावर तुटून पडले.

"अण्णा, एवढं काय शोधताय त्यात?" लेकीने चहा ठेवत विचारलं.

"काही नाही. तुझा नवरा बरा लिहितो."

"मग तोंड का असं कडू?"

मधमाश्या काही येईनात. बेरकी आहे, अण्णांच्या मनात आलं. दमाने घेतोय.

एका दुपारी जावई प्रुफं घेऊन आला. बायको गच्चीवर कपडे वाळत घालतेय याची खात्री करून त्याने दार लोटलं. अण्णा सावरून बसले.

"अण्णा, रागावणार नसाल तर एक विचारू? ते मधमाश्यांचं कुठल्या कागदात आहे?"

सापडला! अण्णांना आतून उकळ्या फुटल्या.

"का हो? हवंय तुम्हाला?"

"मला कशाला? रजा टाकून सगळी कागदपत्रं पालथी घातली. कुठे सापडेना, म्हणून काढून टाकलं."

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. सदरासाठी नाही, अण्णांसाठी रजा टाकली होती पोराने. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, ते मी मुद्दाम घातलं होतं. खोटंच होतं ते."

"असू दे, अण्णा." जावई इतक्या मऊ आवाजात म्हणाला की अण्णांना ते झोंबलं. आजारी माणसाशी बोलतात तसा आवाज होता तो.

"असू दे म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही?"

जावयाने प्रुफांची कडा उगाच सारखी केली.

"मागच्या पुस्तकातही दोन होती. तहाच्या प्रकरणात. तीही मीच काढली. हिलासुद्धा बोललो नाही. लोक टपलेलेच असतात, तुमच्या नावाला बट्टा नको."

"ती खरी होती! मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलीयेत."

अण्णा ताडकन उठले. तहाच्या पत्रांचा खंड त्यांनी कपाटातून खेचून काढला आणि टेबलावर आपटला. डाव्या पानावर, खालच्या बाजूला. पान तर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी भिंग लावलं. उजवं पान पाहिलं. मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. मग सूची काढली आणि बोट फिरवत राहिले. जावई खाली मान घालून बसून होता.

गच्चीवरून लेक बादली घेऊन खाली उतरत असल्याचा आवाज आला. अण्णांनी खंड मिटला. भीती वाटत होती, भलतीच भीती.

"हे नवं पुस्तक," ते हळूच म्हणाले, "पहिल्या पानापासून तपासा. सगळं. माझी भीड धरू नका."

"हो, अण्णा."

"आणि ते झालं की," कपाटातल्या स्वतःच्या पुस्तकांच्या रांगेकडे न बघता ते म्हणाले, "तीही."