विहिरीतली निळी बाई

या, थोडं पुढे सरकून बसा. देवाचं नाव घेऊन मारवाडातल्या एका आईची गोष्ट सांगायची आहे.

अंगात देव येणारा पुजारी, भोपा घेवरजी, याच्या देवथानासमोर अख्खी ढाणी, म्हणजे तिथली वाडी, लोटली होती. सात दिवसांपूर्वी निळं पडून आलेलं धापूचं लेकरू आता गुलाबी दिसत होतं.

"विहिरीतली निळी बाई उतरली," भोपा घुमत म्हणाला. "पण हिच्या घरी गेली की पुन्हा चढणार."

खोटं नव्हतं. दोनदा चढली होती. त्याआधी धापूचं पहिलं मूल निळं पडूनच गेलं. विहिरीत दोर सोडताना खालून तेच रडतंय, असं तिला रोज वाटे.

"आता पोटावर डाग द्यायचा." सळई निखाऱ्यात तापतच होती.

परिचारिका हुरमी पुढे झाली. "बाबजी, इथे दुधाच्या भुकटीत पाणी कुठलं घालता?"

"देवाच्या टाक्यातलं."

"म्हणजे पावसाचं. आणि धापू, घरी?"

"विहिरीचं. सासूबाई अर्धं होईतो उकळतात."

हुरमीनं तिन्ही पाणी मागवून त्यांत तपासणीच्या पट्ट्या बुडवल्या. टाक्याची पांढरीच राहिली, विहिरीची गुलाबी झाली, उकळलेल्याची गडद.

"खताचं, उकिरड्याचं नायट्रेट विहिरीत मुरतं. उकळून जंतू मरतात, हे मरत नाही. पाणी आटतं, ते तेवढंच उरतं. तान्ह्याच्या रक्ताला मग प्राणवायू वाहता येत नाही. शाळेजवळच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं का नाही दिलंत?"

"विजेनं पाणी मरतं, बाबजी म्हणाले," सासू झमकू पुटपुटली.

"मग तुमचा पंखा मेलेला वारा घालतो का, काकी?" मागून कुणीतरी म्हणालं.

"यंत्रात पातळ पडद्यांची चळत असते," हुरमी म्हणाली. "वीज नायट्रेटला पडद्यापलीकडे ओढते. एका नळीतून गोडं पाणी येतं, दुसरीतून खारट, ते टाकायचं. बाबजी, टाक्याचं पिणारा तुमचा नातू कधी निळा पडला नाही. टाक्याला कुलूप कधीपासून लावलंत?"

भोपाचं घुमणं थांबलं.

धापूनं लेकरू उचलून घेतलं. "म्हणजे पहिल्याला ते पाणी मीच पाजलं?"

"तुला कुणी सांगितलंच नव्हतं, बाई," हुरमी म्हणाली.

मंडळी, देवाला जरूर भजा. पण तान्ह्याचं पाणी तपासून घ्या, आणि ओठ निळे दिसले तर थेट दवाखाना गाठा. एवढं करताना धापूच्या त्या थोरल्याची आठवण ठेवा. बाप आसामातल्या कामावरून आला की नाव ठेवायचं होतं. म्हणून नाव सांगता येत नाही.