माझो नंबर धर गो

मित्रांनो, माझा जन्म तुमच्या भाषेत झालेला नाही. मी बोटीने आलो, साहेबाच्या सामानातून, एखाद्या कपबशीसारखा. इथे उतरलो आणि परत जायचे राहूनच गेले. आता इतका जुना झालो आहे की मला कोणी परका म्हणत नाही. मी एक शब्द आहे. माझे नाव नंबर.

मूळचे माझे काम अगदी साधे होते. मोजायचे आणि मोजलेल्यावर जाऊन बसायचे. दारावर, पेटीवर, पोत्यावर. मुंबईच्या गिरण्यांत मी पितळी बिल्ल्यावर बसून कामगारांच्या खिशात फिरलो. कुडाळकडचा जयवंत परब गिरणीत लागला तेव्हा मुकादमाने त्याचे नाव नीट ऐकूनही घेतले नाही. हातात बिल्ला दिला आणि म्हणाला, "हा तुझा नंबर. हाक मारली की ओ द्यायची." मला फार वाईट वाटले होते. माणसाचे नाव उठवून त्याच्या जागी बसणे हे काही पुण्याचे काम नव्हे.

पण त्याच जयवंताच्या खिशातून मी भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत पोचलो आणि माझे नशीब फळफळले. तिथल्या बायकांनी मला अशी कामे लावली की साहेबाने ऐकली असती तर त्याची टोपी उडाली असती.

चाळीला नळ एकच होता. पाणी यायच्या कितीतरी आधी रांग लागत असे, पण रांगेत बायका नसत. भांडी असत. जिला आधी जाग येई ती हंडा ठेवून घरी भाकऱ्या थापायला जाई. हंडा नसेल तर बादली, तीही नसेल तर एक धोंडा. तो धोंडा म्हणजे ती बाई. त्याला कोणी हात लावायचा नाही, ओलांडायचे नाही. याला म्हणत नंबर लावणे. आणि शेजारणीने त्या भांड्यावर लक्ष ठेवायचे, ते म्हणजे नंबर धरणे.

जयवंताची बायको वनमाला लग्न होऊन आली, तेव्हा तिला हा रिवाज उत्तराने शिकवला. उत्तरा समोरच्या खोलीत राहणारी. दोघींची दारे एकमेकींच्या तोंडासमोर. एकीने फोडणी दिली की दुसरी शिंकायची.

"माझो नंबर धर गो, भात करपता माझो!" म्हणत वनमाला पळत सुटे.

"जा जा. पण पाणी आलं तर तुझा हंडा मी भरणार नाही हां," उत्तरा मागून ओरडे. वनमाला परत येई तेव्हा हंडा काठोकाठ भरलेला असे.

त्या दोन खोल्यांत मी किती रूपांनी वावरलो, म्हणून सांगू! वनमालेचा मुलगा सुबोध शाळेतून धावत आला, "आई, माझा पहिला नंबर!" तेव्हा मी पेढा झालो. तोच सुबोध वर्गात करंगळी वर करून "बाई, एक नंबर" म्हणे, तेव्हा मी काय होतो ते तुम्हाला माहीत आहेच. हसू नका. नव्या चपलेच्या तळव्यावर मी होतो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे चाळीतला एकुलता एक फोन आला तेव्हा मी सगळ्या चाळीचा झालो. लग्नाच्या पत्रिकेवर माझ्यापुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरे छापत, म्हणजे फोन दुसऱ्याचा, पण निरोप पोचेल याची खात्री. वनमालेने माशाची आमटी पाठवली की उत्तराचा नवरा बोटे चाटून म्हणे, "एक नंबर!" मित्रांनो, आमटीला माझे नाव मिळावे असा मान कोणत्या शब्दाला लाभतो?

मग उत्तराच्या डोळ्यांवर मी चष्म्याच्या काचेतून बसलो. पहिली काही वर्षे तिला माझे कौतुक होते. पुढे मी वाढत गेलो, काचा जाड होत गेल्या, आणि एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "आजी, आता नंबर बदलून उपयोग नाही." तिला उजेड कळतो, माणसाची सावली कळते, बाकी सारे ती हाताने पाहते.

तोवर जयवंतही गेला होता, उत्तराचा नवराही. चाळ पाडून तिथे उंच इमारत उभी राहायची ठरली आणि सगळे भाड्याच्या घरांत पांगले. वनमाला सुबोधकडे घाटकोपरला गेली. उत्तरा लेकीकडे, सईकडे, बोरीवलीला. सईने आईला फुलासारखे ठेवले. पण म्हातारीचा एकच हेका. इमारत झाली की मी माझ्या घरी जाणार.

शेवटी सईने अट घातली. "समोरच्या दारात वनमालामावशी असली तर जा. नाहीतर मी तुला एकटीला सोडणार नाही, आई. रडलीस तरी नाही."

नव्या इमारतीत समोरासमोर दारे असलेली घरे थोडीच होती. बाकीची लांबलचक पॅसेजमध्ये एकाशेजारी एक. वनमालेला ते कळले तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना.

घरे कशी वाटायची यावर चाळकऱ्यांची सभा झाली. चिठ्ठ्या टाका, असे कोणी म्हणाले. लगेच दुसरा म्हणाला, "चिठ्ठ्या घडी घालणाऱ्याच्या हातात असतात." तेव्हा भाऊ उठले. हे भाऊ म्हणजे चाळीचे न्यायाधीश. नळावरचे भांडण त्यांच्यापुढे गेले की पुढे कुठे जात नसे.

"इतकी वर्षं पाणी कसं वाटून घेतलं?" भाऊ म्हणाले. "आधी नंबर लावील तो आधी घर निवडील. बिल्डरच्या ऑफिसबाहेर."

सगळ्यांना पटले. अशी युक्ती फक्त याच माणसांना सुचावी आणि अशी चूकही त्यांच्याच हातून व्हावी. कारण ठरलेल्या सकाळी ऑफिसच्या काचेच्या दारापुढे, चकचकीत फरशीवर, काय उभे होते? हंडे, बादल्या, चाळीतल्याच काशीरामचा कुकर, एक हेल्मेट आणि दोन विटा. वनमालेने आपला हंडा ठेवला आणि त्याच्यामागे उत्तराची तांब्याची कळशी, जी वनमालेने इतकी वर्षे जपून ठेवली होती. मग सारी मंडळी निर्धास्तपणे कोपऱ्यावर चहाला गेली.

ऑफिसचा रखवालदार धोंडिराम नवा होता. त्याच्या गावी आड होता, नळाची रांग त्याने कधी पाहिली नव्हती. साहेब यायच्या आत आवरावे म्हणून त्या भल्या माणसाने सगळी भांडी उचलली, पुसली आणि भिंतीशी उतरंड रचून ठेवली.

मंडळी परतली आणि एकच हलकल्लोळ झाला.

"अहो, मला वाटलं भंगारवाला विसरून गेला!" धोंडिराम हात जोडून सांगत होता.

"वाट लागली! आता नंबर कसे कळणार?"

"नावं लिहून ठेवायची ना यार!" असे म्हणणारा सौरभ. शीतलचा मुलगा. मोठ्या कंपनीत नोकरी, तीन महिन्यांनी लग्न. चाळीत शीतलच्या दोन खोल्या होत्या, म्हणून तिला दोन घरे मिळायची होती, आणि मायलेकांनाही समोरासमोरच हवी होती.

"गप बसा सगळे," भाऊ म्हणाले. "नळावर आपला कितवा नंबर ते कोणाला ठाऊक असायचं? आपल्या पुढे कोण, एवढंच ठाऊक असायचं. तेवढंच सांगा. माझ्या पुढे कोणी नव्हतं, काच होती."

लोक हसले आणि रांग पुन्हा जुळू लागली. माझ्या पुढे भाऊंची बादली. माझ्या पुढे काशीरामचा कुकर. हेल्मेट कोणाचे यावर थोडी वादावादी झाली. तरी एकेक जण आत जाऊन घर निवडून येत होता. समोरासमोरच्या जोड्या संपत चालल्या. वनमालेची पाळी आली तेव्हा एकच जोडी उरली होती. सातव्या मजल्यावर.

"दोन्ही घेतंय," ती म्हणाली. "एक माझा, एक उत्तराचा."

"एक मिनिट, काकू," सौरभ पुढे झाला. "तुमचा नंबर मान्य. पण उत्तराआजी कुठे आहेत? कळशी घर निवडणार का?"

"तिचो नंबर मी धरलंय रे."

"ते नळावर चालायचं. हे फ्लॅट आहेत."

कोणी काही बोलले नाही. वनमालेने सगळ्यांकडे पाहिले. एक नंबर कमी झाला तर मागचा प्रत्येक जण एक जागा पुढे सरकणार होता, आणि उत्तरा नसली तर वनमालेला जोडीतले घर नकोच होते, ती जोडी शीतलला मिळाली असती. मित्रांनो, नळावरची भांडणे मी पुष्कळ ऐकली, पण मला भीती वाटली ती त्या दिवशीच्या गप्प बसण्याची. गिरणीतले दिवस आठवले. माणूस नाही, नुसता आकडा.

भाऊ वळले. "शीतल, वनमालेच्या मागे तू की आणखी कोण? तुझ्या पुढे काय होतं, सांग."

शीतलने लेकाकडे पाहिले. "वनमालाताईंचा हंडा" एवढे म्हटले असते तरी पुरे होते. कळशी उतरंडीत होती, तिची बाजू घेणारे तिथे कोणी नव्हते.

"उत्तराताईंची कळशी," शीतल म्हणाली. "बुडाला चेपलेली. डगमगत होती, म्हणून मी माझा हंडा तिला टेकवून ठेवला."

"आई!"

"काय आई? तू पोटात असताना मला वाकवत नव्हतं, तेव्हा माझा हंडा कोण ठेवायचं नळावर? मी तर घरात झोपलेली असायचे. म्हणाला का कोणी, बाई कुठे आहे म्हणून?"

"अगं पण आपली जोडी गेली ना!"

"गेली कुठे? तू आठव्यावर राहा, मी नवव्यावर. सुनेला बरंच वाटेल."

पहिल्यांदा धोंडिराम हसला, मग सगळेच. सौरभही ओठ चावत बाजूला झाला आणि त्याने वनमालेला आत जायला दार उघडून धरले.

बाहेर येऊन तिने बोरीवलीला फोन लावला. "मिळाला गो! समोरासमोर!" पलीकडे उत्तराने मजला विचारला नाही, खिडकी कुठे उघडते ते विचारले नाही. तिने विचारले, "माझ्या मागे कोण होतं?"

"शीतल."

उत्तराने ते नाव एकदा स्वतःशी म्हटले. मग म्हणाली, "तिला सांग, माझ्या वास्तुशांतीचा कलश तिनेच भरायचा. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही मी."

मित्रांनो, आता माझे दिवस थकलेले आहेत. घरोघरी नळ आले. फोनमध्ये माणसांची नावे असतात, मी आत कुठेतरी दडलेला असतो, पाठ कोणालाच नसतो. दवाखान्यात यंत्र मला कागदाच्या कपट्यावर छापते आणि एक बाई न दिसता मला पुकारते. माझी तक्रार नाही. शब्दाने मिळेल ते काम करावे. पण भांडुपच्या बायकांनी मला दिलेला अर्थ तेवढा टाकून देऊ नका. तो कोणत्याही कोशात नाही, तो तुमच्याजवळच राहील.

कधी तुमच्या शेजारची एखादी आजी "जरा येते हं, बाळा" म्हणून खुर्चीवरून उठेल. खुर्ची रिकामी दिसेल. मागून कोणी येऊन विचारील, "इथे कोणी आहे का?"

तेव्हा मोठ्याने सांगा, "आहे."