भेगांवरचं झाड

शाळेच्या व्हरांड्यात भिंतभर एक झाड होतं. ते काढलं होतं चित्रकलेच्या सरांनी. मुलं त्यांना रंगारीसर म्हणत. हे नाव सरांना आधी झोंबलं, मग आवडायला लागलं. त्यांना एक खोड होती. गिलाव्याला भेग गेलेली दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. भेगेची लगेच फांदी व्हायची, फांदीला चार पानं यायची, आणि सर खुशीत असले तर एखादा पक्षीही येऊन बसायचा. नुसती भेग बघून लहान मुलं बिचकतात, असं त्यांचं म्हणणं. जिथे भेग नव्हती तिथेही ते फांद्या काढत, कारण झाड एकाच बाजूला कललेलं दिसलं की त्यांना चैन पडत नसे.

म्हणूनच इमारत विभागाचा निकाल आला तेव्हा सगळ्या शिक्षकांनी माना वळवून त्यांच्याकडेच पाहिलं.

विभागाने यंदा सगळ्या शाळांकडून भिंतींचे, छपरांचे फोटो मागवले होते आणि ते कृत्रिम बुद्धिमत्तेला तपासायला दिले होते. आधी कोणती शाळा दुरुस्त करायची, कुठे पैसा घालायचा आणि कोणती इमारत सोडून द्यायची, हे ती सुचवणार होती. या शाळेबद्दल तिने सुचवलं होतं की भेगा अतोनात आहेत, दुरुस्ती परवडायची नाही, मुलांना दुसरीकडे हलवा.

"तुझ्या फांद्या मोजल्यात मेलीने," मुख्याध्यापकबाई म्हणाल्या. त्या सरांच्या सख्ख्या थोरल्या बहीण. सर शाळेत त्यांना बाई म्हणत, घरी ताई, आणि बोलणी मात्र दोन्हीकडे खात.

"मी सांगतो ना त्यांना, की हे चित्र आहे म्हणून."

"सांग की. पण यातली भेग कुठली आणि चित्र कुठलं, ते दाखवता येईल तुला?"

सर भिंतीजवळ जाऊन एकेका फांदीवरून बोट फिरवू लागले. वर्षानुवर्षं रंगावर रंग चढवला होता, आता त्यांचं त्यांनाच उमगेना. त्याच भिंतीला पाठ टेकून पहिलीची पोरं डबा खायची. शाळा बंद होईल ही धास्ती होतीच, पण आता दुसराच विचार त्यांना छळू लागला. आपण मुलांची भीती घालवली, की धोका झाकून ठेवला? त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

बाईंनी फोन करकरून विभागाला भंडावलं, तेव्हा कुठे एक अभियंता मुलगी पाहणीला आली. झाड बघून ती खो-खो हसली. मग भिंतीवर टकटक करत निघाली आणि हळूहळू तिचं हसू मावळलं.

"सर, आमची प्रणाली फसली हे खरं. पण मीही फसतेय. खरवडून बघितलं तर भेग दिसेल, पण ती जुनी आणि थांबलेली आहे की अजून वाढतेय, हे कसं कळणार? त्यासाठी महिनोन्महिने लक्ष ठेवावं लागतं."

"वाढली की मला कळतं ना," सर रडवेल्या आवाजात म्हणाले. "भेग पुढे सरकली की मी फांदी पुढे नेतो. कुठली किती नेली, ते मात्र आता आठवत नाही."

मुलगी गर्रकन वळली. "म्हणजे जी फांदी कधीच लांबली नाही..."

"ती तिथेच राहिली. तिला मी कशाला हात लावू?"

"वर्गांचे फोटो याच भिंतीपुढे काढतो आम्ही," बाई मध्येच म्हणाल्या. "दर वर्षी. सगळे जपून ठेवलेत."

बाईंनी कपाट रिकामं केलं. मुलीने ते सगळे फोटो त्याच प्रणालीला दिले, आणि या खेपेला तिला भेगा मोजायला न लावता कोणती फांदी वर्षागणिक लांबत गेली एवढंच विचारलं. उत्तर येईपर्यंत सर तिच्या शेजारून हलले नाहीत. बाईंनी पुढे केलेला चहा त्यांच्या हातातच निवला.

लांबत गेलेली फांदी एकच निघाली, व्हरांड्याच्या टोकाची. मुलीने खात्रीसाठी बाकीच्या ठिकठिकाणी खरवडून पाहिल्या. काहींखाली नुसता रंग होता, काहींखाली गिलाव्यातल्या, केसासारख्या बारीक जुन्या भेगा. टोकाची भेग मात्र पार विटांपर्यंत गेली होती. तिथे गच्चीवरून उतरणारा पाइप जमिनीखाली फुटला होता आणि पाणी इमारतीच्या पायात मुरत होतं.

"पाइप बदलू, कोपरा खालून भक्कम करू. तोवर शेजारचा वर्ग रिकामा ठेवा," ती म्हणाली. "बाकी इमारत ठणठणीत आहे. शाळा कुठेही जात नाही."

सर पायरीवर बसले आणि मुलांसमोरच ढसाढसा रडले. बाईंनी पोरांना वर्गात पिटाळलं, पण त्यांचाही पदर डोळ्यांना लागला होता.

आठवड्याभरात शाळेचं नाव दुरुस्तीच्या पहिल्या तुकडीत आलं. पाइप बदलला, कोपरा बांधून झाला. भेग पुन्हा सरकली तर काच तडकून लगेच कळावं म्हणून मुलीने तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली. आजूबाजूची पानं खरवडून गेल्यामुळे भिंतीचा तेवढा तुकडा अगदी भकास दिसत होता.

"काढ की रे तिथे एखादं पान," बाई म्हणाल्या. "बघवत नाही."

"नको," सर म्हणाले. "बघवलं नाही तरी बघायचं."