मध्ये रेघ असलेली गोळी

छोटी पांढरी गोळी, मध्ये रेघ. धाकट्याने ती डब्यातून काढून थोरल्या भावाच्या तळहातावर ठेवली.

सर्जनने धाकट्याच्या पोटावर बोट फिरवून दाखवलं होतं: इथून कापायचं, ते इथपर्यंत.

त्याच्या मुलीच्या सायकलची आधाराची चाकं काढायची राहिली होती.

मावशीचा फोन, स्पीकरवर, सगळ्यांसमोर: काळजाचा तुकडा देणारा भाऊ मिळायला नशीब लागतं हो.

थोरल्याने ग्लास तोंडाला लावला, मान मागे टाकली.

"तुझ्या हातची गोळी कधी चुकत नाही बघ."

तासाभरात तो इकोच्या खोलीत डाव्या कुशीवर पडला होता. उघड्या छातीवर गार जेल, शर्ट धाकट्याच्या हातात. यकृत बदलायचं तर ऑपरेशन दिवसभराचं. तेवढं हृदयाला झेपेल का, हे आज बघायचं होतं. झेपलं तर धाकट्याच्या यकृताचा मोठा भाग थोरल्याच्या पोटात जाणार होता. डॉक्टरबाई सांगत होत्या की सलाइनमधून औषध सोडू, धावल्यासारखे ठोके वाढतील, घाबरू नका.

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून थोरल्याला रोज एक गोळी असे. ती ठोके मंद ठेवायची, म्हणून तपासणीआधी दोन दिवस बंद करायची होती. आजारपणात त्याला विसर पडू लागल्यापासून डबा धाकट्याच्या ताब्यात होता, आणि धाकट्याने गोळी बंद केली नव्हती. ठोके चढणार नाहीत, तपासणी अर्धवट राहील, तारीख पुढे जाईल, तोवर देणारं दुसरं कोणी उभं राहील. वडिलांच्या मागे ज्याने वाढवलं त्याला तोंडावर 'नाही' कसं म्हणणार?

"ती गोळी बंद होती ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

धाकटा सलाइनच्या बाटलीकडे बघू लागला.

"बंद होती," थोरलाच म्हणाला. "ह्याचं बारीक लक्ष असतं."

औषध सुरू झालं. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा जागचा हलणार नाही अशी धाकट्याची खात्री होती. आकडा हलला. औषध वाढवलं तसा वाढत गेला, शंभर ओलांडूनही थांबेना. धाकट्याने हातातल्या शर्टाचा बोळा केला, तेव्हा खिशात काहीतरी कडक लागलं. कागदी रुमालाची पुडी. आत गोळ्या. कडा विरघळलेल्या, पण मधली रेघ अजून दिसत होती.

त्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरला पडद्याकडे पाहत होता.

मग डॉक्टरबाई बोलायच्या थांबल्या. त्यांचा हात एकाच जागी राहिला आणि त्यांनी औषध बंद करायला सांगितलं. ठोके वाढले की हृदयाच्या भिंतीचा एक भाग आकसतच नव्हता. पुढे अँजिओग्राफी झाली, डॉक्टरांची बैठक झाली, निकाल तोच: हे हृदय ऑपरेशन पेलणार नाही.

वहिनीने धाकट्याचे दोन्ही हात धरले.

"भाऊजी, तुम्ही तर जीव द्यायला उभे राहिलात. आमचंच नशीब फुटकं."

मावशीने फोनवर देवमाणूस म्हटलं. धाकट्याने मान खाली घातली, आणि त्याच्या नम्रपणाचं कौतुक झालं.

घरी थोरला खुर्चीत टेकला. म्हणाला, रजा घेतलीच आहेस, तर पोरीच्या सायकलची चाकं काढून टाक.

"दादा, मी..."

"गोळी दे. आता चालू ठेवायची म्हणालेत."

धाकट्याने डबा उघडला. थोरल्याने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायला. मग लहान पोराने दाखवावं तसं तोंड उघडून, जीभ उचलून त्याला आतून सगळं दाखवलं.

गोळी बंद ठेवायचा निरोप हॉस्पिटलने दोघांच्याही फोनवर पाठवला होता.