आळणी

“एकच चमचा, नवसे. तोंड उघड.”

नवसाबाईनं ओठ घट्ट मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. वरणाच्या पाण्याची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. कॅन्सरसाठी घशाला किरणांचा शेक देऊन देऊन तिचं आतून सगळं सोललं होतं. थुंकी गिळतानाही डोळे भरून येत. सकाळी डॉक्टर म्हणाले होते, “अंगात ताकद आली तरच पुढचं इंजेक्शन देऊ. अशा अवस्थेत झेपायचं नाही.” म्हणजे पोटात काही गेलं तर उपचार, नाहीतर तेही नाही.

मी आचारी. द्वारका चौफुलीजवळच्या हॉटेलात माझं उभं आयुष्य भट्टीपुढे गेलं. ट्रकवाले, लग्नाची वऱ्हाडं, त्र्यंबकला निघालेली माणसं, सगळ्यांना पोटभर घातलं. आणि इथं घरात स्वतःच्या बायकोच्या पोटात चमचाभर पाणी घालता येईना.

आमची मुलगी शुभांगी शाळेत इंग्रजी शिकवते. रजा काढून आली होती. माझा चेहरा बघून तिनं विषय बदलला.

“अप्पा, तुमच्या पाटीवर यू आला का हो?”

मला हसू आलं. मी अक्षरं शिकलो ती पन्नाशी उलटल्यावर, शुभांगीकडून. मराठी झाल्यावर इंग्रजी तिनं आमच्या हॉटेलच्या पाटीवरूनच शिकवलं. त्या पाटीवर रेस्टॉरंट लिहिताना पेंटरनं मधला यू गाळला होता. शुभांगीनं मालकाला दाखवलं, तर ज्ञानेशशेठ म्हणाले, “ताई, लोक जेवायला येतात, वाचायला नाही.”

“कुठला येतोय,” मी म्हणालो. “आता पाटीच गंजली.”

“तो शब्द मूळचा फ्रेंचांचा, अप्पा. पूर्वी पॅरिसमध्ये रेस्टॉरंट म्हणजे जागा नव्हती, रस्सा होता. आजारानं खचलेल्या माणसाला परत उभं करणारा. मग तो जिथं विकत मिळायचा, त्या दुकानालाच लोक तसं म्हणायला लागले.”

“मंजी आपली आळणी,” नवसाबाई भिंतीकडूनच बोलली.

कालपासून तिनं शब्द काढला नव्हता. मी हातातली वाटी खाली ठेवली.

आळणी म्हणजे कोंबडीचा बिनतिखटाचा रस्सा; नाव आळणी, पण मीठ असतं. मला टायफॉईड झाला तेव्हा, शुभांगीच्या बाळंतपणात, नवसाबाईच ती करायची. घरच्या गॅसला मी कधी हात लावला नव्हता. हॉटेलातून आलो की हातपाय धुऊन ताटावर बसायचं, एवढंच.

मी भद्रकालीच्या बाजारात गेलो. गावठी कोंबडी घेऊन आलो. स्वयंपाकघराचं दार नवसाबाईच्या खाटेसमोरच होतं. मी पातेलं गॅसवर चढवलं तशी ती कुशीवर वळली.

“काय टाकलं?”

“कांदा.”

“येवढा? वऱ्हाड येनार हाय का?”

शुभांगी तोंडावर पदर धरून हसली. मी अर्धा कांदा काढून ठेवला.

“तुपात परता. हळद चिमूटभर. आलं-लसून ठेचून. अन् मसाल्याच्या डब्याकडं बघू नका.”

“नाही बघत.”

“बघताय. हाटेलातला हात आवरा जरा. पानी गरमच घाला, थंड नाय.”

एवढं बोलून तिला धाप लागली. तरी तिचे डोळे पातेल्यावर होते. वास सुटला तसा मला धीर आला. मनात आलं, त्या पॅरिसवाल्यांची माणसं उठून बसली, तर माझी का नाही उठणार?

रस्सा दोनदा गाळला, फुंकून फुंकून कोमट केला आणि वाटी तिच्यासमोर धरली. तिनं मान हलवली.

“तुमी आधी.”

“अगं, हे तुझ्यासाठी आहे.”

“सकाळपासून काय खाल्लंय तुमी? कदी जेवलेय का मी तुमच्या आधी?”

खरंच नव्हती जेवली. दुपारचं गिऱ्हाईक उरकून मी चारला घरी यायचो, तोवर ती झाकल्या ताटाशी बसून असायची. किती सांगितलं तरी ऐकली नाही.

मी वाटी तोंडाला लावली आणि संपवली. मग दुसरी वाटी भरली. शुभांगीनं तिच्या पाठीशी उशी दिली. नवसाबाईनं तोंड उघडलं, चमचा आत गेला. तिनं डोळे मिटले. गळ्याची शीर ताठ झाली, हातानं माझं मनगट आवळलं.

गेलं नाही. ओठाच्या कोपऱ्यातून सगळं हनुवटीवर आलं. मी धोतराच्या सोग्यानं टिपलं. चमचा परत वाटीत ठेवला.

तिनं डोळे उघडले.

“मीठ बरुबर पडलंय,” ती म्हणाली. “निवू देऊ नका. प्या.”

शुभांगी उठून गॅलरीत गेली. मी खाटेपाशी बसून पीत राहिलो आणि नवसाबाई माझ्या प्रत्येक घोटाकडे बघत राहिली.