उतारावरचं बिऱ्हाड

आईने फ्रिजचं दार पुन्हा उघडं टाकलं, हे सांगायला धाकट्याने फोन केला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. आमच्याकडे लोकांची मोजमापाची साधनं तपासायला येतात. तराजू, तापमापक, दाबमापक. साधन खोटं बोलतंय की वापरणारा, ते ठरवायचं आणि मग शिक्का मारायचा, एवढंच आमचं काम.

"ताई, आता हद्द झाली," तो म्हणाला. "सगळं दूध नासलं. विचारलं तर म्हणते, लावलं होतं. मग काय भुताने उघडलं?"

"पोट कसं आहे तिचं?"

"आता बरं आहे. पण गेल्या वेळी तेच नासकं पिऊन उलट्या काढल्या ना. शनिवारी त्या संस्थेतल्या बाईंचा फोन यायचाय. त्या आईशी स्वतः बोलणार आहेत. तू असलीस तर बरं दिसेल."

संस्था म्हणजे वृद्धाश्रम. धडधाकट म्हाताऱ्यांसाठी तिथे भली मोठी रांग होती. पण ज्यांची स्मृती गेली त्यांचा मजला वेगळा, आणि त्या मजल्यावर एक खोली रिकामी झाली होती. ती कशी रिकामी झाली, हे आमच्यात कुणी विचारलं नाही.

आई राहत होती ती जागा म्हणजे एक गाडी. वडील निवृत्त झाले तेव्हा दोघांनी घर विकलं, मुलांची घरं उभी करून दिली आणि उरलं त्यात ही गाडी घेतली. मागे पलंग, मध्ये शेगडी, बेसिन आणि कमरेएवढा फ्रिज, पुढे चालकाची जागा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं म्हणत दोघं गावोगाव हिंडले. गाडीचं नाव बिऱ्हाडच पडलं. वडील गेले आणि आईला गाडी चालवता येत नव्हती. तेव्हा भावांनी तोडगा काढला. सहा महिने बिऱ्हाड दादाच्या अंगणात, सहा महिने धाकट्याच्या. आईला हलवायचं नाही, गाडी हलवायची. नातेवाइकांना हा तोडगा फार आवडला. मलाही आवडला. माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अंगण नाही, त्यामुळे माझं नाव त्यात आलंच नाही.

शनिवारी सकाळी पोचले. धाकट्याच्या घरापुढे फरशी घातलेली सपाट जागा आहे, वर पत्र्याची सावली. तिथे त्याची मोटार उभी होती. बिऱ्हाड घराच्या कडेला, भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या पट्ट्यात, तोंड गटाराकडे करून उभं होतं.

भावजय दारातच भेटली. "बरं झालं आलात ताई. आम्ही बोललो की वाईट ठरतो. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच बघा. अहो, त्यांनी फ्रिजच्या दाराला गाऊनचा पट्टा बांधून ठेवला होता. गाठीवर गाठ! असं शहाणं माणूस करतं का?"

"मग?"

"मग काय, सोडून टाकला मी. कुणी बघितलं असतं तर? यांनी सांगितलंय त्या बाईंना पट्ट्याचंसुद्धा."

आई पलंगावर बसून चष्मा पुसत होती. मला बघून म्हणाली, "चपला खालीच काढ. तपासायला आलीस? शिक्का आणलास का?"

"आणलाय. कुठे मारू?"

"कपाळावर मार. लांबून दिसेल."

मी हसले. ती हसली नाही. दादाकडे असताना भेटले होते त्यापेक्षा बारीक झाली होती. आणि एक नवीन गोष्ट दिसली. काहीही सांगितलं की ती शेवटी 'बहुतेक' लावत होती. चहा घेतला, बहुतेक. गोळी झाली, बहुतेक. ही बाई आयुष्यभर दुसऱ्यांचे 'बहुतेक' खोडत आली होती.

मी फ्रिजपुढे मांडी घातली. दाराच्या कडेचं रबर आधी पाहिलं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथे फट आहे. चारी बाजूंना ओढून पाहिलं, एका कोपऱ्यात थोडी सैल निघाली, बाकी ठीक. बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट होते. दाराच्या कप्प्यात जड बाटल्या होत्या, त्या आत सरकवल्या. मग खटका पाहिला. गाडी चालत असताना दार उघडू नये म्हणून या फ्रिजला खटका असतो. त्याची प्लास्टिकची जीभ झिजून गुळगुळीत झाली होती. दार फक्त रबरातल्या चुंबकावर टिकून होतं.

पण झिजलेला खटका दार उघडत नाही. तो फक्त अडवत नाही. उघडणारं दुसरं काहीतरी हवं.

"सापडलं का भूत?" भावजय दुधाची नवी पिशवी घेऊन पायरी चढली. तिने पिशवी आत ठेवली आणि दार लावून तळव्याने दाबलं. "बघा ताई, असं दाबून लावायचं. एवढंच असतं. लहान मूलही लावेल." आणि ती पायरीवरून खाली उतरली.

तिचा पाय जमिनीला लागला तशी गाडी स्प्रिंगांवर जराशी डुलली. दार सुटलं. आवाज नाही, काही नाही. आधी बोटभर उघडलं, मग आपसूक फिरत पार चालकाच्या जागेकडे जाऊन थांबलं. आतला दिवा लागला.

"थांब," मी म्हणाले. "वर ये."

भावजय वळली. तिने दाराकडे पाहिलं, मग पलंगावरच्या आईकडे. "त्यांनी धक्का दिला असेल."

"ती जागची हलली नाही."

"मग मी नीट लावलं नसेल आज. घाईत होते."

आई चष्मा पुसतच राहिली. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. मला तेच पहिल्यांदा खटकलं.

मी ताटलीत पाणी घेऊन ती गाडीतल्या जमिनीवर ठेवली. पाणी सगळं पुढच्या काठाला जमलं, मागचा तळ कोरडा. गाडी नाकावर झुकली होती. फ्रिजच्या बिजागऱ्या चालकाच्या बाजूला. गाडी पुढे झुकली की दाराला उघडं राहण्यातच आराम. चुंबकाने धरलंय तोवर धरलंय, कुणी पायरी उतरलं किंवा पलंगावर बसलं की त्या हिसक्याला ते सुटणार. आई दार लावायची, पाठ फिरवून मागे जायची, पलंगावर टेकायची. तिच्याच बसण्याने दार उघडायचं, तिच्या पाठीमागे, आणि तिला एका कानाने ऐकू येत नाही. बाकीचे दूध ठेवून उतरायचे, त्यांच्याही पाठीमागे उघडायचं. फक्त ते निघून गेलेले असायचे आणि आई आत असायची.

खात्रीसाठी दादाला फोन लावला.

"तुझ्याकडे गाडीचं तोंड कुठे होतं?"

"तोंड? गेटकडे. का गं?"

"उतार कुठल्या बाजूला?"

"मागे. पाणी सगळं परसात जातं. पण एक सांगतो, माझ्याकडे असताना दार एकदाही उघडं राहिलं नाही हां. आईची तब्येत ठणठणीत होती. आता तिकडे काय होतंय ते त्यांनाच विचार."

त्याच्याकडे दार आपोआप लागत होतं. त्याला वाटत होतं, ते त्याच्या सांभाळण्यामुळे.

फोन ठेवून मी दार लावलं आणि आईजवळ बसले. दार पुन्हा उघडलं. दोघींनी ते बघितलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"पहिल्यांदा नव्हतं. मग एकदा पलंगावर बसून आरशात केस विंचरत होते, तर मागे दिवा लागलेला दिसला. मग पट्टा बांधला."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. दार आपोआप उघडतं म्हटलं. तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले." तिने चष्मा लावला. "तसं बघायला लागले ना, की माणूस पुढचं बोलत नाही. मी म्हटलं, विसरले असेन बहुतेक. लगेच सगळे गोड बोलायला लागले."

धाकटा बाजारातून आला तेव्हा मी त्याला गाडीत बोलावलं. "दार लाव. नीट, तुझ्या हाताने. आता पलंगावर जाऊन बस."

तो बसला. दार उघडलं. त्याने उठून पुन्हा लावलं, जास्त जोरात, आणि पुन्हा बसला. मग तिसऱ्यांदा लावायला उठला नाही. पाण्याची ताटली पाहिली, खटक्याची जीभ बोटाने चाचपली. तो मूर्ख नाही. लहानपणी माझी सगळी यंत्रं तोच उघडून बसायचा.

"खाली चल," तो म्हणाला.

आम्ही कुंपणापाशी उभे राहिलो. खिडकी उघडी होती, त्याच्या लक्षात आलं नाही किंवा आलं तरी चाललं.

"तुझी मोटार रस्त्यावर लाव," मी म्हणाले. "बिऱ्हाड फरशीवर घे, सपाट जागेत. खटका नवीन बसव. विषय संपला."

"घरासमोर? घराचं तोंडच झाकेल ते. हिला आवडणार नाही."

"मग चाकांखाली फळ्या घाल. पुढून उचल. तासाभराचं काम आहे."

"आणि मग?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "दार लागेल. मग?"

"मग ती विसरत नाही हे कळेल सगळ्यांना."

"मग ती खोली मिळणार नाही, ताई. ती खोली विसरणाऱ्यांचीच आहे. धडधाकटांच्या रांगेत नाव लागेपर्यंत..." तो थांबला. "किती वर्षं मी हेच करायचं? दादाने तर सांगून टाकलंय, पुढच्या खेपेला गाडी घेणार नाही. गाडीच्या जागेवर खोली बांधतोय म्हणे. तुला बोलला नाही ना? मला सांगितलं. मला सगळे सांगतात."

"पण तू त्या बाईंना खोटं सांगितलंस."

"तेव्हा मला खोटं वाटत नव्हतं." त्याचा आवाज चढला. "आता तू सिद्ध केलंस. छान. तुझं बरोबर असतं नेहमी. मग ने ना तिला. आज ने. तुझ्या फ्रिजचं दार लागतं ना?"

मी गटाराकडे बघत राहिले. मला चार मजले दिसत होते, सव्वीस नंबरचं दार, दोन खोल्या, टेबलावर पसरलेले माझे कागद. आईचे गुडघे दिसत होते. सगळी कारणं खरी होती. एकेक तपासून बघितलं असतं तरी शिक्का मारता आला असता.

"लिफ्टचं चाललंय," मी म्हणाले. "सोसायटीत बोलणं चालू आहे."

"हो," धाकटा म्हणाला. "तू मागेही म्हणाली होतीस."

खिडकीत काही हललं नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर फोन आला. धाकट्याने तो आईच्या हातात दिला आणि आवाज मोठा केला, तिला नीट ऐकू यावं म्हणून. आम्ही तिघं गाडीच्या मधल्या बोळात दाटीवाटीने उभे होतो. बाईंचा आवाज मऊ होता, अशी पुष्कळ माणसं हाताळलेला.

"आजी, कशा आहात? मला जरा सांगाल का, हल्ली काही विसरायला होतं का?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं नाही. भावजयीने पाहिलं. मला काही बोलायचं असतं तर त्या क्षणी बोलता आलं असतं. आईला फक्त 'नाही' म्हणायचं होतं, आणि मागे मी होते, पुराव्यासकट.

"होतं," आई म्हणाली. "बरंच होतं."

"म्हणजे कसं?"

"फ्रिजचं दार उघडं राहतं माझ्याकडून. लावलं की नाही तेच आठवत नाही. ही माझी मुलं चिडतात, पण त्यांचं चुकत नाही. नासकं दूध पीत होते मी."

"आणि दाराला पट्टा बांधला होता म्हणे?"

"हो, तोही बांधला होता. का बांधला ते आता सांगता येणार नाही."

एवढ्या सगळ्यात एकदाही 'बहुतेक' आलं नाही.

बाईंनी गुरुवारी या म्हणून सांगितलं. धाकट्याने फोन घेतला, आभार मानले आणि बाहेर जाऊन बराच वेळ मोटारीची काच पुसत राहिला. भावजय म्हणाली, "आई, चहा टाकते हं, आलं घालून." तिचे डोळे भरले होते आणि मला ते खोटे वाटले नाहीत. ती उतरली. गाडी डुलली. दार लावायला मी उठले नाही.

"हे काय केलंस?" मी आईला विचारलं.

"अगं, लोक विचारणारच. दोन मुलगे असून म्हातारीला टाकली म्हणतील. त्यापेक्षा म्हातारीचं डोकं गेलं म्हटलेलं बरं. डोकं गेलं की कुणाचा दोष नसतो."

"आणि तिथे? त्या मजल्यावर तू काय करणार? सगळी तशीच माणसं असतील."

"त्यांना रोज नव्याने सांगता येईल सगळं," ती म्हणाली. "माझ्या त्याच त्या गोष्टी ऐकून तुम्ही कंटाळलात."

तिने उशी सारखी केली, आडवी झाली. जरा वेळाने तिला वाटलं असावं की माझी समजूत घालायची राहून गेली, म्हणून माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "तू नको वाईट वाटून घेऊस. तुझं नाव कुणी घेणार नाही. मुलीला कोण विचारतं? तू सुटलीस."

मग तिने भिंतीकडे तोंड केलं, आणि बसचं बघ म्हणाली, शनिवारी गर्दी असते.